घरातली सातची शिफ्ट

आण्णा घरात ओरडून बोलायचे. रागाने नव्हे. सत्तावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्र्यावर धडाधड ठोके घालणाऱ्या मशीनवर काढल्यावर माणसाला आपला आवाज समोरच्यापर्यंत पोचतोय यावर विश्वासच राहत नाही. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरून आमचे घरमालक तात्या विचारायचे, "पाठवू का?" पिंपळे गुरवातल्या त्या दोन खोल्यांत माझं सगळं बालपण या मोठ्या आवाजाखाली गेलं, आणि मला तो आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. आई भोसरीला एका रबराच्या पार्टांच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होती. सकाळी ज्वारीच्या भाकरी थापताना तिचा आवाज, आण्णांचा आवाज आणि खाली तात्यांच्या म्हशीचा आवाज, असे तीन आवाज एकदम चालू असायचे आणि तिघांनाही एकमेकांचं सगळं कळायचं. मी मधे बसून अभ्यास करायचे. शांत खोलीत मला आजही लिहिता येत नाही. हे लिहितानासुद्धा शेजारच्या खोलीत पंखा मुद्दाम मोठा करून ठेवलाय.

मग एक दिवस आण्णा सकाळी सातच्या शिफ्टला गेले आणि साडेआठला परत आले. हातात भरलेला डबा तसाच होता. कंपनीच्या गेटला कुलूप होतं आणि वर एक कागद चिकटवलेला होता, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तेही हळू आवाजात. आई कामावर गेलेली, घरात मी एकटी. ते कॉटवर बसून राहिले. साडेअकरा वाजले तसे उठले, हात धुतले, जमिनीवर बसले आणि डबा उघडून जेवले, कारण साडेअकरा ही त्यांच्या जेवणाची वेळ होती. सुकटीची चटणी आणि भाकरी. डबा स्वतः घासून पालथा घातला. त्या दिवसापासून त्यांचा आवाज गेला तो गेलाच. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचे, ते आम्हाला कान पुढे करून ऐकावं लागायचं. तात्या एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले की, तुझं आण्णा गावाला गेल्यात का. आईने महिनाभर वाट पाहिली आणि मग एका रविवारी रात्री मटणाचा रस्सा वाढताना ती त्यांना म्हणाली, "मीठ कमी घातलंय मुद्दाम. ओरडा की हो जरा." आण्णांनी अळणी रस्सा शेवटपर्यंत मुकाट्याने संपवला.

मी तेव्हा ताथवड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते, शेवटच्या वर्षाला. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आला होता, मागून भलताच फुगीर. तो आईच्या शिलाई मशीनवर ठेवलेला होता, त्यामुळे काम करताना पाय आपोआप पेडलवर हलायचे. केबलवाल्याचं नेट होतं, मनात आलं तर चालणारं. एका दुपारी प्रोजेक्ट सोडून मी भलतंच काहीतरी शोधत असताना एक पान उघडलं. काळा पडदा, त्यावर दोन्ही कडांना एकेक पांढरी उभी पट्टी आणि मधे एक पांढरा चौकोनी ठिपका. ठिपका म्हणजे चेंडू, पट्ट्या म्हणजे बॅटी. डावीकडची बॅट कॉम्प्युटरची, उजवीकडची आपली. चेंडू परत मारायचा, तो परत येणार, परत मारायचा. वर आकडा वाढत जायचा आणि चुकलं की पुन्हा शून्य. फार जुना खेळ आहे, माझ्या जन्माच्याही आधीचा, असं त्या पानावर लिहिलं होतं. चेंडू बॅटीला लागला की टुक असा आवाज यायचा. मी वीसच्या पुढे जात नव्हते.

दहा-बारा वेळा मी चुकले असेन. कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले आण्णा न वळता म्हणाले, "टायमिंग चुकतंय तुझं." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले की आवाजावरून कळतंय, तू ठोका पडायच्या आधीच हात हलवतेस. मग ते उठले. माझ्या खुर्चीमागे थोडा वेळ उभे राहिले, मग मी उठले आणि ते बसले. माउस त्यांनी आयुष्यात कधी धरला नव्हता. पहिले दोन चेंडू गेले. तिसरा त्यांनी जो धरला तो दोनशेच्या पुढे गेला. त्यांचे डोळे पडद्यावर होते, पण खरं ते कान देऊन खेळत होते, मान जराशी तिरकी करून, प्रेस चालवताना करत असतील तशी. अखेरीस नेट गेलं म्हणून खेळ थांबला. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मशीन चांगलं आहे. देखभाल नाही." हे वाक्य त्यांनी ओरडून म्हटलं. खालून तात्या म्हणाले, "कंचं मशीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आण्णा कंपनीचा निळा युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज घालून खुर्चीवर बसले. मी हसले नाही, कारण ते हसत नव्हते. आई डबा घेऊन कामाला निघाली होती, ती दारात थांबून दोन मिनिटं बघत राहिली आणि मग परत आत गेली. तिने त्यांचाही डबा भरला आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवला.

चार दिवसांत दत्तूकाका आले. ते आण्णांच्याच कंपनीत फिटर होते आणि युनियनच्या कमिटीवरही. आण्णा घरी बसून वाळत चाललेत असं ऐकून ते धीर द्यायला आले होते. त्यांनी पाहिलं, तर आण्णा युनिफॉर्मात, समोर ठिपका, आणि वर आकडा नऊशेच्या घरात. दत्तूकाकांनी चप्पल काढली, हात पाठीमागे बांधून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की अकराला तुला रिलीव्हर कोण आहे. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, तो आल्याशिवाय चालू मशीन सोडून उठायचं नाही असा त्यांच्या कंपनीत नियम होता. आण्णा म्हणाले, कोणी नाही. दुसऱ्या दिवसापासून अकरा ते तीन दत्तूकाका बसायला लागले. तीन ते सात जोशीकाका, हे त्याच कंपनीतले क्वालिटीचे इन्स्पेक्टर, आता सांगवीला मुलाकडे राहत होते आणि सुनेला दिवसभर घरात नको झाले होते. जोशीकाकांना खेळता येत नसे. पण ते चेंडू चुकला की का चुकला ते दोनशे पानी वहीत लिहीत: ऑपरेटरचं लक्ष नाही, माउस अडकला, शिंक. तीन ते सात त्यांच्या शिफ्टला प्रत्यक्ष बॅट दत्तूकाकाच पुन्हा हलवत आणि जोशीकाका शेजारी उभे राहून इन्स्पेक्शन करत. खांदेपालट करताना चेंडू पडू द्यायचा नसे. येणारा माणूस बसलेल्याच्या हातावर हात ठेवी, दोन-तीन ठोके दोघे मिळून हलवत, मग खालचा हात निसटून बाहेर येई. हे ते इतक्या सफाईने करत की पाहताना माझ्या अंगावर काटा यायचा. तीन शिकलेसवरले, पन्नाशीचे, कर्तेसवरते पुरुष.

संध्याकाळी आई भोसरीहून दोन बसेस बदलून यायची, तर दारात तीन जोड सेफ्टी शूज आणि आत चहाची वेळ झालेली. पहिले काही दिवस तिने केला. मग एकदा पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "मी खरी कंपनी करून आले. आता ह्या खोट्या कंपनीला च्या कोण करावं?" जोशीकाका उठले, आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि चहा केला. तो इतका वाईट झाला की त्यांनी स्वतःच तो वहीत रिजेक्ट म्हणून लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पंधरा दिवसांत जोशीकाकांचा चहा आईच्या चहापेक्षा बरा व्हायला लागला आणि आई आल्या आल्या पाय पसरून बसून तो प्यायला लागली. आण्णा पुन्हा घरभर ओरडून बोलायला लागले होते, त्यामुळे आईला या कंपनीबद्दल काहीही वाटत असलं तरी ती बंद पडावी असं वाटत नव्हतं, हे मला कळत होतं. गुरुवारी भोसरीच्या वर्कशॉपना सुट्टी असायची आणि आमच्याकडची लाईटही दिवसभर जायची, म्हणून तिघांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी आण्णा लुंगी लावून दाढी न करता बसायचे. दिवसभर घरी बसलेल्या माणसाला सुट्टीचा दिवस वेगळा कळणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

मला समजत होतं ते एवढंच की माझं प्रोजेक्ट तीन आठवड्यांवर आलंय आणि मला माझा कॉम्प्युटर मिळत नाही. सातनंतर तो माझा, असं ठरलेलं होतं. पण आकडा वाढायला लागला तसा ओव्हरटाइम सुरू झाला. एकदा तर सकाळचा चेंडू संध्याकाळपर्यंत पडलाच नव्हता, आणि मी माउसला हात लावायला गेले तर तिघे एकदम उभे राहिले. मी आण्णांना दोनदा सांगितलं. ते हो हो म्हणाले, नजर न हलवता. कॉलेजात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या प्रोजेक्टचं कुठवर आलं, आणि मी म्हणाले की घरी कॉम्प्युटर बिझी असतो. वर्ग हसला. त्या संध्याकाळी मी रागारागात वहीचा कागद फाडला, त्यावर मार्करने लिहिलं: "उद्यापासून गेम बंद. कॉम्प्युटरला कोणीही हात लावू नये." सगळे जेवत असताना तो कागद सेलोटेपने पडद्यावर चिकटवला, माउस काढून माझ्या सॅकमध्ये ठेवला आणि सकाळी सहाच्या बसने कॉलेजला निघून गेले.

दुपारी मी परत आले तेव्हा आण्णा युनिफॉर्म घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. शेजारी दत्तूकाका आणि जोशीकाका. सतरंजी अंथरलेली. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी सातला त्यांनी तो कागद वाचला होता, असं नंतर आईने आणि तात्यांनी मला सांगितलं. कागद वाचून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले, मग खाली जाऊन पायरीवर बसले, आणि साडेअकराला तिथेच डबा खाल्ला. मी मात्र त्या क्षणी एवढंच ऐकत होते की दत्तूकाका आणि जोशीकाका कडाडून भांडतायत. भांडण असं होतं की याला संप म्हणायचं की टाळेबंदी. जोशीकाकांचं म्हणणं की आपण काम थांबवून बसलोय तेव्हा हा संप. दत्तूकाका म्हणत की काम मालकाने थांबवलंय, माउस मालकाच्या सॅकमध्ये आहे, तेव्हा ही शंभर टक्के टाळेबंदी, आणि हा फरक समजला नाही म्हणूनच क्वालिटीची माणसं कधी कमिटीवर निवडून येत नाहीत. मालक म्हणजे मी होते. अठरा वर्षांची, पाठीवर सॅक, सॅकमध्ये माउस.

दोन दिवस हे चाललं. मी वर बसून प्रोजेक्ट करत होते आणि एक ओळ होत नव्हती. आण्णा घरात येत, जेवत, झोपत, पण माझ्याशी बोलत नसत. काही सांगायचं असलं तर दत्तूकाकांकरवी निरोप पाठवत, तो निरोप घेऊन दत्तूकाका पायरीवरून वर येत आणि मी उत्तर दिलं की खाली जात. आण्णांचा आवाज पुन्हा गेला होता. आईने कोणाचीच बाजू घेतली नाही. ती फक्त मला एकदा म्हणाली की कागद कशाला लावलास, तोंड नव्हतं का. मला तेव्हासुद्धा समजलं नाही. चूक आपली असली की माणूस किती ठार बहिरा होऊ शकतो, याचा मला अजून अचंबा वाटतो.

शेवटी तात्या मधे पडले. त्यांच्या घराण्याची शेती होती तिथे आता सोसायट्या झाल्या होत्या, आणि भावकीतले वाद मिटवण्यात त्यांची हयात गेली होती. ते म्हणाले, "जागा माझी हाय. माझ्या जिन्यात कंपनी बंद पडल्याली आमाला चालायची न्हाई. गुरवारी बसायचं." गुरुवारी लाईट नव्हती. तात्यांच्या ओट्यावर एका बाजूला ते तिघे आणि समोर मी. मधे तात्या, डोक्याला टोपी, पलीकडे म्हैस. आई दारात उभी होती, तिला सुट्टी होती. तात्यांनी विचारलं की मागण्या काय आहेत, तर दत्तूकाकांनी खिशातून खरोखरच लिहिलेला कागद काढला. पहिली मागणी, खुर्चीला उशी. तात्या म्हणाले, रास्त हाय. दुसरी, माउसच्या पोटातली गोळी दर आठवड्याला साफ करावी. तिसरी, चहाच्या गुणवत्तेबद्दल मालकाच्या आईने टोमणे मारू नयेत. ही जोशीकाकांची होती. आई म्हणाली की ती मान्य करते. चौथीला दत्तूकाका थांबले आणि कागद आण्णांकडे दिला. म्हणाले, ही तू वाच.

आण्णांनी कागद घेतला पण वाचला नाही. घडी घातली. माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "बंद करायचं तर कर. मशीन तुझं आहे. पण समोर येऊन सांगायचं. कागद लावून जायचं नाही."

मला रडू आलं आणि मी ते म्हशीकडे बघून लपवलं. मग मी उभी राहिले. बसून सांगणं बरोबर वाटेना. म्हणाले की माझं चुकलं, कागद लावायला नको होता. मग म्हणाले की आण्णा, मला दोन आठवडे कॉम्प्युटर लागणार आहे, दुपारनंतर. तोवर फक्त सकाळची शिफ्ट चालेल. आण्णांनी दत्तूकाकांकडे पाहिलं, दत्तूकाकांनी जोशीकाकांकडे. जोशीकाका म्हणाले की हे ले-ऑफमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कामकपातीत बसतं. तात्यांनी मला आणि आण्णांना हात मिळवायला लावला. आण्णांचा हात माझ्या हातात मी त्याआधी कधी असा घेतला नव्हता, समोरासमोर, मोठ्या माणसांसारखा. फार खरबरीत होता. मग मी सॅकमधून माउस काढून त्यांना दिला. लाईट नव्हती, त्याचा काही उपयोग नव्हता, तरी ते तो संध्याकाळपर्यंत हातात घेऊन बसले.

प्रोजेक्ट झालं. सरांनी त्यात बऱ्याच चुका काढल्या, पण पास केलं. त्यानंतर पावसाळाभर कंपनी नियमित चालली. दिवाळीनंतर दत्तूकाका मुलीकडे नाशिकला गेले आणि जोशीकाकांना सुनेने दुपारीही घरीच थांबायला सांगितलं, ती म्हणे त्यांच्या चहाबद्दल कुठूनतरी ऐकून होती. आण्णा एकटेच सातला बसत राहिले. अशात चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना प्रेस चालवायला शिकवणारा माणूस हवाय असं त्यांना कळलं. ते मुलाखतीला गेले, आल्यावर बरी झाली असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सातला युनिफॉर्म घालून पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. निवड झाली का, मी विचारलं. झाली म्हणाले. मग कधीपासून? त्यावर त्यांनी मानेनेच पडद्याकडे खूण केली, चेंडू चालू होता.

दुपारी घरातल्या एकुलत्या एक मोबाइलवर फोन आला. चाकणच्या वर्कशॉपचे साहेब बोलत होते. उज्ज्वला मॅडम आहेत का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मीच. ते म्हणाले की तुमच्याकडचे एक गौतमराव आमच्याकडे येतायत, पण सध्याच्या ठिकाणी महिन्याची नोटीस द्यावी लागेल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि आम्हाला माणूस सोमवारी हवाय. तुम्ही त्यांना लवकर सोडू शकाल का. गौतमराव म्हणजे आण्णा. मी दाराकडे पाहिलं. आण्णा पलीकडच्या खोलीत बसले होते आणि टुक टुक आवाज थांबला होता.

साहेबांनी विचारलं, "माणूस कामाला कसा आहे?"

मी म्हणाले, "वेळेवर येतात. रिलीव्हर आल्याशिवाय उठत नाहीत."

मग ते म्हणाले की अशी माणसं आता मिळत नाहीत. मी म्हणाले की सोमवारपासून सोडते.

फोन ठेवून मी आत गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. ते आधी चिडले, म्हणाले मला न विचारता कसं सोडलंस. मग म्हणाले, ठीक आहे, पण तसं लेखी दे. मी वहीतला कागद घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून लिहिलं की श्री. गौतम यांनी आमच्याकडे सात महिने सकाळच्या शिफ्टमध्ये काम केलं, आणि सोमवारपासून त्यांना मोकळं करण्यात येत आहे. खाली सही केली. आण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पालथा करून मागची बाजूही पाहिली. मग कागद माझ्यापुढे परत सरकवला आणि म्हणाले, "काम कसं होतं ते नाही लिहिलंस."

मी सहीच्या वर थोडी जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, यांचं काम चांगलं होतं. त्यांनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मग युनिफॉर्मच्या वरच्या खिशात घालून बटण लावलं.